उजनीकाठची पानगळ

माघ महिना सरत आला की सोलापूर जिल्ह्यातील करमाळा किंवा माढा तालुक्यात उजनी धरणाकाठच्या एखाद्या गावी जा. तेथे तुम्हाला एक कोड्यात टाकणारे दृश्य दिसेल. समोर नजर पोचेल तेथवर पाणीच पाणी. पाण्याला लागून उसाचे फड आणि केळीच्या बागा, अगदी हिरव्यागार. आणि त्यांच्या मागे, पाण्यापासून एक-दीड किलोमीटरवर, खडकाळ माळावरची झाडे मात्र पाने टाकून उघडी उभी! पाणी इतके शेजारी असताना झाडाने तहानेपोटी पाने का टाकावीत?

हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा वाटतो, पण त्याच्या उत्तराचा निम्मा भाग तुमच्या भौतिकीच्या पुस्तकात आहे. ते उत्तर शोधण्यासाठी एक दिवसाची पायी सहल काढू या. सहलीचा मार्ग सोपा आहे. पाण्याच्या कडेपासून सुरुवात करायची आणि बागाईत ओलांडून माळाच्या माथ्यापर्यंत चढत जायचे. कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर यांपैकी जे गाव तुम्हाला सोयीचे असेल ते निवडा.

सहल केव्हा काढावी?

युरोप-अमेरिकेतील पानगळीची रंगीत चित्रे तुम्ही दिनदर्शिकांवर पाहिली असतील. ती पानगळ सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली. आपल्याकडे त्या दिवसांत शरद ऋतू असतो. पाऊस नुकताच संपलेला असतो आणि माळावर गवत कमरेइतके वाढलेले असते. आपली पानगळ शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली.

हा फरक कशामुळे? थंड देशांत झाडाला हिवाळ्याची भीती असते. जमिनीतले पाणी गोठले की मुळांना ते घेता येत नाही. हिवाळा जवळ आल्याची सूचना झाडाला मिळते ती मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसावरून. ४५ अंश उत्तर अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस पावणेनऊ तासांचा असतो. उजनी सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे हा फरक जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. येथे झाडाला भीती असते ती थंडीची नव्हे, कोरडीची. म्हणून येथील झाड मुख्यतः जमिनीतील ओलाव्याचा हिशेब पाहून पाने टाकते. ज्या वर्षी परतीचा पाऊस चांगला होतो, त्या वर्षी पानगळ लांबते, ती यामुळेच.

बरोबर काय घ्यावे?

वही, पेन्सिल, साधा तापमापक, मोजपट्टी, भिंग, दोन-तीन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरा, आणि माती भरून आणण्यासाठी दोन डबे. डोक्याला टोपी किंवा उपरणे आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी हवेच. सहलीत शिक्षक आणि गावातला एखादा माहितगार माणूस असावा. एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळा. ओल्या गाळात उतरू नका आणि पाण्यावर जाऊ नका. गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो. आणि या विस्तीर्ण पाण्यावर वारा अचानक उठतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले.

पहिला टप्पा : पाण्याची कड

सकाळी सातला पाण्याच्या कडेशी पोचा. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट; त्यापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग मृतसाठ्याचा, म्हणजे कालव्याच्या पातळीखालचा.

हे पाणी आले कोठून? सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्यावर असा सागर भरणे शक्य नाही. हे पाणी मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पडलेले आहे. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा आणि तिला मिळणाऱ्या इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या ते येथे आणतात. तेव्हा पहिली गोष्ट वहीत लिहून ठेवा : जलाशयातले पाणी परगावच्या पावसाचे आहे, माळावरच्या झाडाच्या मुळाशी असलेले पाणी मात्र याच माळावर पडलेल्या पावसाचे आहे. ही दोन पाणी शेजारी असली तरी त्यांची खाती वेगळी आहेत.

आता काठाकडे पाहा. पाणी मागे सरकून गाळाचा रुंद पट्टा उघडा पडू लागलेला दिसेल. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे उपयुक्त साठा पूर्ण संपला तरी पाणी उभ्या दिशेने अवघे ५.८ मीटर उतरते. पण काठाचा उतार जर २०० मीटरला १ मीटर असेल, तर पाण्याची कड किती मागे जाईल? ५.८ × २०० = ११६० मीटर. तीन-साडेतीन माणसांच्या उंचीइतके पाणी उतरले की एक किलोमीटरभर जमीन उघडी पडते!

या उघड्या गाळावर काठचे शेतकरी पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात. वरून एक थेंब पाऊस नसताना गाळातले पीक तग धरते आणि एक किलोमीटरवरचे झाड पाने टाकते. हाही कोड्याचाच एक भाग. गाळाचा नमुना एका डब्यात भरून घ्या.

दुसरा टप्पा : बागाईत

काठ सोडून वर चढू लागलात की ऊस आणि केळी लागतात. येथे हिरवेपणाचे गुपित उघड आहे. काठावर ओळीने मोटारी बसवलेल्या आहेत आणि नळ शेताकडे गेले आहेत. समजा, एक हजार लिटर पाणी २० मीटर उंच चढवायचे आहे. त्यासाठी लागणारे कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = १००० × ९.८ × २० = १,९६,००० ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे हे काम सुमारे ०.०५ युनिटात होते. नळातील घर्षण आणि मोटारीतील व्यय धरून त्याच्या दुप्पट लागले असे समजा. तरीही वीज असलेल्याला २० मीटर ही काही मोठी उंची नव्हे.

माळावरच्या झाडाला मोटार नाही. त्याच्यासाठी खालचे पाणी वर येईल का, हे ठरवतो तो दगड. तेथेच आता जायचे आहे.

तिसरा टप्पा : माळाचा दगड

बागाईत संपले की पायांखाली मुरूम करकरू लागतो. काळे धोंडे, खुरटे गवत, बोरी, हिवर, बाभळी, मधूनच लिंब आणि पळस. कोठे कोठे वनखात्याने लावलेली झाडेही दिसतील. हे सह्याद्रीतले दाट जंगल नव्हे, खडकाळ जमिनीवरचे विरळ काटेरी वन आहे.

हा दगड बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले, आणि आपले दख्खनचे पठार घडले. भिंगातून दगड पाहा. काही दगडांत लहान लहान पोकळ्या दिसतील. लाव्हारसातून वायूचे बुडबुडे निघताना राहिलेल्या त्या जागा. काही पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. पण या पोकळ्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात. म्हणून अखंड बेसॉल्टमधून पाणी जवळजवळ जात नाही. ते जाते फक्त भेगांतून. लाव्हारस थंड होताना आकुंचन पावला, तेव्हा पडलेल्या या भेगा.

एखाद्या नाल्याच्या कडेला गोल धोंडे आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे सुटणारे पापुद्रे दिसतील. भेगांत शिरलेले पाणी दगडाला कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी कुजवते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोल धोंडा बनतो. झाडाचा संसार असतो तो या कुजलेल्या भागात. मुरमाची एक डबी भरून घ्या.

आता झाडाच्या पाण्याच्या टाकीचा हिशेब करू. समजा, माळावर ३० सेंटिमीटर जाडीचा मुरूम आहे आणि त्याच्या आकारमानाच्या १० टक्के पाणी तो झाडासाठी धरून ठेवतो. दर चौरस मीटरमागे हे पाणी झाले ३० लिटर. खालच्या शिवारात एक मीटर खोल काळी माती असेल आणि ती २० टक्के धरत असेल, तर तेथे २०० लिटर. पाऊस दोघांवर सारखाच पडला, तरी माळाची टाकी लहान. ती भरली की उरलेले पाणी ओघळून जाते. ही टाकी दिवाळीपर्यंत पुरते. पुढे झाडाला भेगांत खोल गेलेल्या मुळांवर भागवावे लागते.

पाणी वर का चढत नाही?

दिव्याच्या वातीत तेल चढते, टिपकागदात शाई चढते. मग जमिनीतून जलाशयाचे पाणी माळावर का चढत नाही? केशाकर्षणाचा नियम असा :

पाणी चढण्याची उंची = (२ × पृष्ठताण) ÷ (घनता × गुरुत्वत्वरण × नळीची त्रिज्या)

पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन धरला, तर उत्तरे अशी येतात. एक मिलिमीटर त्रिज्येच्या फटीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते. ०.१ मिलिमीटरच्या फटीत १५ सेंटिमीटर. ०.०१ मिलिमीटरच्या फटीत दीड मीटर. फट जितकी बारीक, तितकी चढण उंच. पण बारीक फटीतून पाणी फार सावकाश सरकते, हेही लक्षात ठेवा.

सकाळच्या गाळपेरीचे रहस्य आता उलगडले. गाळाचे कण अतिशय बारीक असतात. खालची ओल त्यांतून वर येत राहते आणि पिकाच्या मुळांना मिळते. मुरमाच्या जाड खड्यांमधील फटी मोठ्या. त्यांत पाणी काही सेंटिमीटर चढून थांबते. आणि आपल्याला तर २० मीटर चढायचे आहेत! खडकातील भेगांतून पाणी वाहते, पण ते उताराच्या दिशेने. जलाशयाच्या पाझराचा लाभ काठच्या, सखल भागातील विहिरींना होऊ शकतो. उंचावरच्या माळाला नाही.

झाड पाणी ओढते कसे?

मुळाशी असलेले पाणी शेंड्यापर्यंत नेणे हेही सोपे काम नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे एका वातावरणाएवढा असतो. १८९४ मध्ये डब्लिन येथील हेन्री डिक्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि जॉन जोली हा भौतिकीचा अभ्यासक, या दोघांनी मिळून याचे स्पष्टीकरण दिले. पानांतून पाण्याची वाफ होते, तशी पाण्याच्या स्तंभाला वरून ओढ बसते. आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे सारा स्तंभ दोरीसारखा वर खेचला जातो. आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीही या विषयावर प्रयोग केले आणि १९२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. झाडाच्या पेशींच्या स्पंदनांनी रस चढतो, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने कौल दिला तो डिक्सन-जोली यांच्या बाजूने.

माळावर एका हिरव्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. तासाभराने आत पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. झाड मुळांनी जेवढे पाणी घेते, त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक असे वाफ होऊन जाते.

जमीन सुकत गेली की उरलेले पाणी मातीच्या कणांना अधिकाधिक घट्ट चिकटते. बहुतेक पिके सुमारे १५ वातावरणे इतक्या ओढीला कोमेजून जातात. झाडाने याहूनही जोराने ओढले, तर पाण्याची दोरी तुटण्याचा धोका असतो : नलिकेत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती निकामी होते. अशा अनेक नलिका निकामी झाल्या तर फांदीच वाळेल. पान पुन्हा येते, फांदी सहज येत नाही. म्हणून झाड आधी पानांवरची रंध्रे मिटते, आणि तेवढ्याने भागले नाही तर पाने टाकते. देठाच्या बुडाशी नाजूक पेशींचा एक थर तयार होतो, तो सुटतो, आणि वाऱ्याच्या झुळकीने पान खाली येते. तेव्हा पानगळ हे झाडाचे मरण नसून मरण टाळण्याचा उपाय आहे.

पिवळा, तपकिरी आणि लाल

गळण्यापूर्वी पान पिवळे का होते? हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा भाग (४३० नॅनोमीटरच्या आसपास) आणि तांबडा भाग (६६० नॅनोमीटरच्या आसपास) शोषून घेते. उरतो तो हिरवा. पान टाकण्याआधी झाड त्यातील ऐवज काढून घेऊ लागते. हरितद्रव्य मोडते, त्याच्याशी निगडित प्रथिनांतला नायट्रोजन खोडाकडे परत जातो. पानातील निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असा वाचवला जातो. मागे राहतात कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये. ती निळा प्रकाश शोषतात. हिरवा आणि तांबडा सोडून देतात. हिरवा आणि तांबडा प्रकाश मिळून डोळ्याला पिवळा दिसतो. म्हणजे पिवळा रंग पानात नव्याने येत नाही. तो आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. याच कुळातील रंगद्रव्ये अन्नातून मिळाल्यामुळे उजनीवर येणाऱ्या रोहित पक्ष्याची पिसे गुलाबी होतात! पुढे पान वाळले की तेही रंग जातात आणि तपकिरी उरतो.

मग मेपलसारखा लालभडक रंग येथे का दिसत नाही? तो रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. ते पान पिवळे पडत असताना मुद्दाम तयार होते. आणि स्वच्छ उन्हाचे दिवस व थंड रात्री त्याला मानवतात. आपल्या माळावर पान टाकताना झाडाला उन्हाचा ताप आणि पाण्याची टंचाई असते. तरीही हा लाल रंग आपल्याकडे आहे, पण उलट्या टोकाला. गावाच्या पारावरचा पिंपळ पाहा. त्याची नवी पालवी तांबूस असते, आंब्याचीही. कोवळ्या पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण करण्याच्या कामी हा रंग येत असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. तिकडे लाल रंग पानाच्या निरोपाचा, इकडे आगमनाचा!

प्रत्येक झाडाची रीत निराळी

दुपारी परतताना दहा-बारा झाडांची नोंद करा : किती पाने हिरवी, किती पिवळी, किती फांद्या उघड्या. सर्व झाडे एकसारखी वागत नाहीत, हे लगेच ध्यानात येईल. बाभळीची पाने बारीक पत्रकांची. ती बरीचशी हिरवी राहते. पळस पाने टाकतो आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुले मिरवतो. पाने नसल्यामुळे ती फुले पक्ष्यांना लांबून दिसतात.

सर्वांत चमत्कारिक वागणे लिंबाचे. तो फाल्गुनात पाने टाकतो आणि पाऊस तीन महिने दूर असतानाच नवी पालवी काढतो. गुढीपाडव्याला आपण खातो ती हीच कोवळी पाने. पाणी नाही म्हणून पाने टाकली, मग भर उन्हाळ्यात नवी कशी आली? कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील देशाच्या कोरड्या वनांचा अभ्यास करून रॉल्फ बोर्शर्ट यांनी १९९४ मध्ये याचे उत्तर मांडले. जुनी पाने गळली की पाण्याचा खर्च थांबतो. मुळे खोलवर ओल शोधत असतील, तर तेवढ्या अवधीत खोड पुन्हा पाण्याने भरते, आणि त्या शिलकीवर नवी पालवी फुटते. ज्या झाडाची मुळे उथळ, ते मात्र पावसाची वाट पाहते.

शाळेत परतल्यावर

प्रयोग १ : सारख्या व्यासाच्या दोन काचनळ्या घ्या. खालच्या तोंडांना पातळ कापड बांधा. एकीत वाळवलेला बारीक गाळ, दुसरीत मुरूम भरा. दोन्ही नळ्या पाण्याच्या परातीत उभ्या करा. ओल किती उंच चढली ते पहिल्या दिवशी दर तासाला व नंतर आठवडाभर रोज मोजा आणि आलेख काढा. सुरुवातीला कोण पुढे आहे आणि शेवटी कोण, हे विशेष पाहा.

प्रयोग २ : लिंबाची हिरवी पाने आणि पिवळी पाने वेगवेगळी खलून थोड्या स्पिरिटमध्ये भिजवा. जवळ दिवा किंवा शेगडी नको. प्रत्येक अर्कात टिपकागदाची पट्टी अर्धा तास उभी ठेवा. हिरव्या पानाच्या पट्टीवर हिरव्याबरोबर पिवळा पट्टाही वेगळा झालेला दिसेल. पिवळ्या पानाच्या पट्टीवर फक्त पिवळा.

प्रश्न : दुपारी उघड्या दगडाजवळचे आणि झाडाखालच्या पाचोळ्याजवळचे तापमान मोजलेत, तर फरक किती आला? पाचोळा पेटवून दिला, तर झाडाखालील जमिनीतल्या ओलाव्याचे आणि पानांत उरलेल्या नायट्रोजनचे काय होईल?

धरण भरले तेव्हा भीमेच्या खोऱ्यातील कित्येक गावे पाण्याखाली गेली आणि त्यांची नवी गावठाणे उंचावर वसली. नदीकाठची काळी माती सोडून माणसे माळाच्या शेजारी आली. त्यांच्यापुढचा प्रश्न आणि माळावरच्या झाडाचा प्रश्न एकच आहे. दिसणारे पाणी आणि मिळणारे पाणी यांत अंतर असते, आणि ते अंतर उंची, दगड आणि मातीचे कण ठरवतात. मोटार काही शेतांपुरते ते अंतर तोडते. बाकीच्या माळासाठी उपाय एकच : त्याच्यावर पडणारा पाऊस तेथेच मुरवणे. समतल चर खणणे, बांध घालणे, पाचोळा न जाळता झाडाच्या बुडाशी राखणे, ही कामे त्या लहान टाकीत थोडी भर घालतात. पुढच्या शिशिरात तुम्ही पुन्हा त्याच झाडांची नोंद घ्या. जेथे चर खणले आहेत तेथील पानगळ किती दिवस पुढे गेली, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल.